अमावस्येचे चार तास

आधीच सांगून ठेवतो, मी फाटक्या तोंडाचा माणूस आहो. दर्यापूरकडचा. आमच्याकडे दोन टोमणे मारल्याशिवाय माणसाचा घास खाली उतरत नाही. तवा जे सांगून राहिलो ते गोड करून सांगणं मले जमणार नाही. अन् ज्याईले वाटते का किसनरावाचं जे झालं ते अमावस्येपायी झालं, त्याईनं माह्यासंग वाद घालाले येऊच नये. तिथीचा काही संबंध नव्हता. माणसाईनं केलं ते, अन् त्या माणसाईत मी होतो.

किसनराव वलगावचे. वय चौपन्न, बारीक अंगाचे, खिशात नेहमी एक खडू अन् एक फडकं. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे, रोटाव्हेटरच्या फ्रेमा बनवते. ट्रॅक्टरच्या मागं लावून ढेकळं फोडते ना, ते रोटाव्हेटर. मी लाईनचा सुपरवायझर, किसनराव मेंटेनन्सचे फिटर. बारा वर्षं आमी एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. त्याईच्या डब्यातली मिरचीची भाजी मी खाल्ली अन् माह्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी त्याईनं. एवढ्या वर्षात त्या माणसाचा आवाज चढलेला मी पाह्यला नाही, अन् माहा उतरलेला त्याईनं.

आठ वर्षांआधी कारखान्यात वेल्डिंगचे दोन रोबोट आले. रोबोट म्हटलं का लोकाईले सिनेमातला चालता-बोलता पुतळा वाटते. आमचा तसा नाही. जाळीच्या खोलीत उभा केलेला लोखंडी हात, अन् हाताच्या टोकाले वेल्डिंगची बंदूक. त्याच्यासमोर एक मोठं टेबल, फिरणारं अन् कलणारं. माणसानं आत जाऊन टेबलावर फ्रेमचे तुकडे बसवाचे, क्लॅम्प लावाचे, बाहेर येऊन हिरवं बटन दाबाचं. मंग तो हात वेल्डिंग करते. दार उघडलं का करंट आपोआप जाते, हात जागच्या जागी थांबते. पण टेबल अन् फ्रेम मिळून पाच-सहाशे किलो. ते तिरपं उभं असलं तं करंट गेल्यावर त्याले धरून ठेवणारा एकच, आतला ब्रेक. अन् खालच्या दोन पट्ट्या बसवाच्या तं माणसाले त्या तिरप्या टेबलाखाली वाकून हात घालावा लागते. एवढं ध्यानात ठेवा. बाकी यंत्राचं विसरले तरी चालन.

पहिल्या वर्षी त्या रोबोटाईनं आमच्या नाकी नऊ आणले. आज तार अटकली, उद्या केबल जळाली, परवा पुण्याहून इंजिनेर येईपर्यंत तीन दिवस सगळे हातावर हात. महिन्यातून चाळीस-चाळीस तास लाईन बंद. जुने सायब डोकं धरून बसत. किसनराव मात्र जाळीबाहेर उभं राहून त्या हाताकडे पाहत राहात. बैल बाजारात माणूस बैलाकडे पाहते तसे. एक दिवस सायबाले जाऊन म्हणाले, "सायेब, हा बंद पडाच्या आधी आपणच त्याले बंद करू. महिन्यातून चार तास द्या मले."

सायबानं देले. पण चार तास कोणते? पहिला सोमवार ठरवला, तं सोमवारी नेमकी गाडी भराची निघे. पंधरा तारीख ठरवली, तं पंधराले वरून फोन येये. मेंटेनन्सचे तास म्हणजे गरिबाच्या लग्नाची तिथी, कोणीबी पुढे ढकलावी. तवा किसनरावानं अमावस्या धरली.

त्याच्या मागं हिशोब होता, अन् तो मले पहिल्या दिवसापासून ठावूक होता. आमच्याकडचा शेतकरी अमावस्येले नवीन अवजार घरी नेत नाही. शेतकरी नेत नाही म्हणून दुकानदार उचलत नाही, दुकानदार उचलत नाही म्हणून कारखान्यातून गाडी निघत नाही. महिन्यातला तेवढाच एक दिवस असा का कोणाचा फोन येत नाही, क्रेन रिकामी, आंगण रिकामं. चार तास बंद ठेवले तं कोणाचं काही अडत नाही. इतकी साधी गोष्ट, पण मोठ्या शिकलेल्या माणसाईच्या ध्यानात आली नव्हती.

दुसरं एक कारण त्याईनं फक्त मलेच सांगतलं होतं, डबा खाता खाता. त्याईचे वडील वलगावात सालदार होते, वर्षाच्या बोलीनं दुसऱ्याच्या वावरात राबणारे. अमावस्येले बैल जुपत नाहीत. "बैलाले सुट्टी, म्हणून माह्या बापाले सुट्टी," किसनराव म्हणाले होते. "त्या दिवशी तो आमच्यासंग जेवे. बैल बसलेला असला का बाप त्याचे खुर पाहे, खांदा पाहे, कुठं सोललं, कुठं सुजलं. चालत्या बैलाचं दुखणं दिसत नाही देवरावभाऊ. बसल्यावर दिसते." मी त्या वेळी काय म्हटलं आठवत नाही. बहुतेक भाजी मागतली असन.

मंग दर अमावस्येले सकाळी आठ ते बारा दोन्ही रोबोट बंद. किसनराव बंदूक खोलून साफ करत, तारेची नळी फुंकून काढत, केबलवरून बोटं फिरवत जात. शेवटी टेबलाचा ब्रेक. त्याची त्याईची रीत ठरलेली. आधी क्रेनच्या साखळीनं टेबल बांधून घ्याचं, साखळी दोन बोटं ढिली ठेवाची, करंट काढाचा, अन् फिरत्या भागावरून थांबत्या भागावर खडूची एक सरळ रेघ ओढाची. मंग अर्धा तास चहा. परत येऊन पाहाचं, रेघ सरळ आहे का तुटली. सुताएवढी जरी सरकली असली तरी ब्रेक खोलाचा. आठ वर्षांत त्याईनं तो तीनदा खोलला अन् तीनदा दुरुस्त केला. कोणाले पत्ता बी लागला नाही. चाळीस तासाचे चार तास झाले. ज्या कामानं काही होत नाही, त्या कामाचं कोणी नाव काढत नाही.

दोन वर्षांआधी मी माह्या भाचीले, रागिणीले, तिथं चिकटवलं. बहीण तेल्हाऱ्याले राहते. पोरीनं आयटीआय केलं वेल्डरचं, तेवीस वर्षांची, हाताले चपळ. पहिल्या नंबरच्या रोबोटवर फ्रेमा बसवाचं काम तिले देलं. किसनरावाले म्हटलं, भाची आहे माही, लक्ष ठेवा. त्याईनं तिले मुलीसारखं शिकवलं. ती त्याईले काका म्हणे.

गेल्या श्रावणात नवीन सायब आले. सागर सर. बत्तीस-तेहतीस वय, चांगल्या घरचे, वाईट माणूस नव्हे. वाईट असते तं बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्याईनं लाईनवर एक मोठा टीव्ही लावला. रोबोट चालू असला का हिरवा, थांबला का लाल, अन् लाल मिनिटाची बेरीज आपोआप मुंबईच्या हापिसात. त्या टीव्हीले कळत नाही का माणसानं मुद्दाम थांबवलं का मशीन मेली. थांबलं म्हणजे लाल.

पोळा झाल्यावर दोन दिवसानं मिटिंग झाली. बारा-तेरा जण होतो. सागर सरानं रोबोटातली मागच्या वर्षभराची नोंद काढून भिंतीवर आलेख दाखवला. सगळीकडे हिरवं, अन् दर महिन्याले एक लाल खांब. त्याईनं इचारलं, "हे काय आहे? दर महिन्याला एकदा, आणि तारीख दर वेळी वेगळी?"

किसनराव माह्या शेजारी बसले होते. ते बोलाले उठतच होते. पण मी असताना दुसरा कोण बोलन. मी म्हटलं, "सर, ते किसनरावाची अमावस्या आहे. याईच्या घरच्याईनं बुद्धाचा धम्म घेतला तवा सगळे देव नदीत सोडले, पण अमावस्या तेवढी बुडाली नाही. परवा पोळ्याले तं याईनं बैलासारखे रोबोटाचे खांदे शेकले अन् त्याले आवतण देलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

सगळे हसले. सागर सराच्या डोळ्यात पाणी आलं हसता हसता. मले भल्ली मजा वाटली. मंग सरानं डोळे पुसले अन् म्हणाले, "गंमत सोडा, पण हे गंभीर आहे. आपण रोबोट चालवतो आणि अंधश्रद्धेपायी महिन्याला चार तास घालवतो. ही अमावस्या आजपासून बंद. काही बिघडलं तर तेव्हा बघू."

त्या वेळी मी एक वाक्य बोलाले पायजे होतं. का सर, त्या दिवशी गाडी निघत नाही म्हणून तो दिवस धरला. बस, इतकंच. मले माहीत होतं, किसनरावाच्या खालोखाल मलेच माहीत होतं. पण हशा पिकला होता, अन् पिकलेल्या हशावर आपल्या हातानं पाणी ओताले मन झालं नाही. पुढचा विषय निघाला.

दुपारी डबा खाताना मी त्याईले इचारलं, "तुमी सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू?" ते म्हणाले. डबा उघडला नव्हता त्याईनं. "अंधश्रद्धा हा शब्द मी गावात दुसऱ्याईले समजावून सांगत आलो देवरावभाऊ. लिंबू-मिरची काढाले लावली लोकाईच्या दारावरची. भानामतीच्या नावानं बाईले मारून राहिले होते, तं मधात उभा राहिलो. आता तोच शब्द माह्या अंगावर आला. सफाई देली तं म्हणतीन, पाहा, अजून अमावस्येसाठी भांडून राहिला."

"म्हणू द्या ना."

"तुमाले म्हणतीन तं तुमी हसून सोडून द्याल. मले नाही सोडता येत." एवढंच बोलून ते हात धुवाले गेले.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात बी नाही. टीव्ही असा हिरवा का जसं उगवलेलं वावर. मुंबईहून सराले शाबासकीची मेल आली, त्याईनं आमाले पेढे वाटले. किसनरावानं पेढा घेतला अन् फडक्यात बांधून ठेवला.

तिसऱ्या महिन्यात आवाज बदलला. टेबल थांबताना पहिले 'टक्' व्हाचं अन् संपाचं. आता 'टक्' झाल्यावर मागून एक बारीक 'सर्र' येऊ लागलं. मले काही ऐकू येत नव्हतं, किसनरावानं कान धरून ऐकवलं तवा समजलं. ते म्हणाले, ब्रेकात तेल उतरून राहिलं. गिअरचं सील गेलं असन. रोज थोडं थोडं उतरन, अन् एक दिवस धरणार नाही. मी म्हटलं, कोणता दिवस? ते म्हणाले, तेच तं पाह्याले चार तास लागते.

त्याईनं रजिस्टरात लिहिलं, 'टेबल क्र. १, ब्रेक तपासणे गरजेचे.' एकच ओळ, बारीक अक्षरात. सरानं त्याच्या बाजूले लिहिलं, 'बिघाड झाला आहे का?' आता ब्रेकचा बिघाड म्हणजे काय, तो पडल्यावरच बिघाड. तोवर टीव्हीवर हिरवा. किसनरावानं दुसऱ्यांदा लिहिलं नाही. मी त्याईले म्हटलं, जोरात लिहा, लाल शाईनं लिहा, सही घ्या. ते म्हणाले, "लिहिलं तं पहिले हेच म्हणतीन का याची अमावस्या हुकली म्हणून भूत दिसून राहिलं याले."

लिहाले भ्याले, पण हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्याईनं लोखंडी पाइपाचा एक टेकू बनवला. रागिणीले सांगतलं, "पोरी, खाली वाकाच्या आधी हा टेबलाखाली लावाचा. इसरली तं त्या दिवशी माह्याशी बोलू नको." ती लावू लागली. पण टेकू लावाले अन् काढाले दर फ्रेममागं चाळीस सेकंद जात, अन् दिवसाच्या साठ फ्रेमा. आठ दिवसात सरानं मले बोलावलं. एक नंबरचा वेळ का वाढला? मी सांगतलं, टेकू. सर म्हणाले, मशीनच्या नकाशात टेकू आहे का? नाही ना, मग काढा.

मी काढला. माह्या हातानं उचलून भंगाराच्या पेटीत टाकला.

रागिणीनं इचारलं, "मामा, टेकू नसला तं काही होईन का?"

मी म्हटलं, "आठ वर्षांत काही झालं का? कामाले लाग."

आठ वर्षांत काहून काही झालं नाही, हे मले चांगलं ठावूक होतं. तरी तोंडातून तेच निघालं. आजबी ते वाक्य आठवलं का मले माह्याच तोंडात मारावी वाटते.

त्यानंतर रागिणीची काम कराची तऱ्हा बदलली. खाटेखाली साप आहे असं समजून चप्पल काढावी, तशी ती टेबलाखाली हात घाले. मान फिरवलेली, अंग बाहेर, फक्त हात आत. किसनरावानं तिले सांगतलं होतं का डोकं आत न्याचं नाही. तेवढंच त्याईच्या हातात उरलं होतं. ते स्वतः काही ना काही काम काढून त्या जाळीजवळच घुटमळत. दुसऱ्या मशीनवरून बोलावणं आलं तरी त्याईचा कान इकडे. दोन महिन्यात माणूस निम्मा झाला. मी म्हटलं, "किसनराव, साखर-बिखर तपासून घ्या." ते म्हणाले, "मले काही झालं नाही. ते सर्र लांबून राहिलं."

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मंगळवार होता. अकोल्याच्या दुकानदाराची चाळीस फ्रेमाची गाडी चार वाजता निघाची होती, तेवीस झाल्या होत्या. अकराले पाच मिनिटं कमी असताना रागिणी माह्याकडे आली. तोंड पांढरं. म्हणाली, "मामा, टेबल हाललं. माहा हात आत होता. बोटभर खाली आलं अन् थांबलं."

मी काही म्हणाच्या आधी किसनराव धावत आले. त्याईनं बाहेरूनच पाह्यलं होतं. "देवरावभाऊ, लाईन बंद करा. चार तास नाही मागत. क्रेनची साखळी लावाले अन् ब्रेक खोलून पाह्याले एक तास द्या."

मी टीव्हीकडे पाह्यलं. मंग घड्याळाकडे. क्रेन तिकडे आंगणाच्या टोकाले गाडी भरून राहिली होती. मी म्हटलं, "आता नाही. साडेअकराले चहाची सुट्टी आहे, त्यात पाहून घ्या."

"पंधरा मिनिटात साखळी इकडे येत नाही."

"मंग गाडी गेल्यावर पाहा. चार वाजता."

"चार वाजेपर्यंत पोरीचे हात तिथं सतरा वेळा जातीन." किसनरावाचा आवाज चढला. बारा वर्षांत पहिल्यांदा. "तुमची भाची आहे ते."

मले राग आला. खरं सांगतो, भीती नाही वाटली, राग आला. मी म्हटलं, "मंग फ्रेमा कोण बसवन? मी?"

"मी बसवतो," ते म्हणाले. "क्रेन मोकळी होईपर्यंत मी बसवतो. मले आवाज समजते. सर्र आलं का हात काढीन. तिले नाही समजत."

अन् मी हो म्हटलं. फ्रेमा निघून राहिल्या होत्या, टीव्ही हिरवा राहणार होता, भांडण मिटलं होतं. मले वाटलं, चला, तोड निघाली. रागिणीले बाहेर बाकावर बसवलं.

त्याईनं दोन फ्रेमा बसवल्या. तिसऱ्या वेळी मी पाहत होतो, पाठ माह्याकडे, उजवा हात टेबलाखाली, मान फिरवलेली. अकरा बावीस. 'टक्' आधीच होऊन गेलं होतं. सर्र काही आलं नाही. टेबल सरळ खाली आलं.

पुढचं मी सांगत नाही. क्रेन आणाले एकोणीस मिनिटं लागली. ती सगळी एकोणीस मिनिटं किसनराव शुद्धीवर होते. रागिणी त्याईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, अन् ते तिले सांगत होते का पोरी, पाहू नको, तिकडे पाह्य. दवाखान्यात उजवा हात कोपराच्या खालून काढावा लागला.

ब्रेक खोलला तं आत तेलच तेल. बांगडीएवढं रबराचं सील फाटलं होतं. चार तासाच्या कामातलं वीस मिनिटाचं काम. टीव्ही अकरा दिवस लाल होता. कारखान्यात दोघातिघाईनं कुजबुज केली का अमावस्या मोडली, त्याचं हे. मी कॅलेंडर आणून त्याईच्या पुढे आपटलं. त्या दिवशी अमावस्या नव्हतीच, तिच्या जवळपासबी नव्हती.

चौकशीत माहा जबाब घेतला. मी टेकूचं सांगतलं, रजिस्टरचं सांगतलं, सकाळचं सांगतलं. मिटिंगचं सांगतलं नाही. कोणी इचारलंच नाही. साहेब लोकाईनं लिहिलं का फिटरनं आपल्या मर्जीनं ऑपरेटरचं काम केलं. मी त्यावर सही केली.

वलगावले जाले मले दीड महिना लागला. अमरावतीहून अर्ध्या तासाचा रस्ता, अन् दीड महिना. गेलो तं किसनराव ओसरीत खाटेवर बसले होते. शर्टाची बाही दुमडून पिन लावलेली. मले पाहून सरकले, जागा करून देली. मैनावहिनी, त्याईची बायको, आतून पाणी घेऊन आल्या.

किसनरावानं पहिले रागिणीचं इचारलं. मी म्हटलं, बरी आहे, कामावर येते. मंग इचारलं, "चार तास?"

"सुरू केले सरानं. दर महिन्याचा दुसरा शनिवार. कागद लावला भिंतीवर."

"गेल्या शनिवारी झाले?"

मी पाणी पेलो. "नाही. गाडी भराची होती."

त्याईनं मान हालवली. डाव्या हातानं खाटेची सुंभाची गाठ आवळू लागले. ती एका हातानं आवळली जात नव्हती. मले तिथून उठून पळून जावं वाटलं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "देवरावभाऊ, तुमाले एक इचारू का? पोळ्यापासून याईचं जेवण तुटलं होतं. घरात तोंड उघडत नव्हते. लई इचारलं तवा इतकंच म्हणाले का मिटिंगमधी कोणी अमावस्येवरून बोललं. मी म्हटलं, कोण बोललं? तं नाव नाही सांगत. अजूनबी नाही सांगत. तुमी तं तिथं होते ना?"

किसनराव म्हणाले, "चहा ठेव तू."

त्याईनं माह्याकडे पाह्यलं नाही. मी गप राहिलो असतो तं चालून गेलं असतं. चहा आला असता, मी पेलो असतो, साडेचारच्या बसनं अमरावतीले आलो असतो.

"मी बोललो वहिनी," मी म्हटलं. "मीच बोललो. तुमच्या धम्मावरून बोललो, पोळ्यावरून बोललो. बारा-तेरा लोकाईत."

त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. रागावतीन असं वाटलं, वाट पाह्यली मी त्याची. रागावल्या असत्या तं बरं वाटलं असतं मले. पण त्याईनं हळूच इचारलं, "मंग लोक काय म्हणाले?"

"हसले."

"अन् हे? हे काहीच बोलले नाही का?"

किसनराव आता माह्याकडे पाहून राहिले होते. नको सांगू म्हणून पाहत होते. पण मी फाटक्या तोंडाचा माणूस.

"नाही बोलले, वहिनी," मी म्हटलं. "हे बी हसले. सगळ्याईत मोठ्यानं हेच हसले."